पहिला हात गिऱ्हाईकाचा

२ फेब्रुवारी, सोमवार

बाळ्या आजही बोलला नाही. चहा घेतला, अर्धा टोस्ट खाल्ला, उरलेला अर्धा बशीखाली लपवला. साठी उलटली तरी लपवायची जागा तीच!

दुपारी एक मुलगी आली. पाठीला पिशवी, हातात फोन. ज्या लोकांनी आमच्या कंपनीचं नाव विकत घेतलं, त्यांनी पाठवली. दुकानं नाही घेतली त्यांनी, माणसं नाही घेतली, नुसतं नाव. आता त्या नावाला इतिहास हवा म्हणे. पुस्तक काढणार, गुळगुळीत कागदावर.

मी म्हटलं, “म्हणजे मेलेल्याचा कोट अंगात घालायचा आणि वर विचारायचं, हा शिवला कोणी?”

तिने तेही लिहून घेतलं. मुलगी वाईट नाही.

तिच्या कागदावर बाळ्याचं नाव ‘संस्थापक अध्यक्ष’ आहे. संस्थापकांना भेटता येईल का, विचारत होती. मी म्हटलं, भेट की. बोलायचे नाहीत. नोव्हेंबरात मोठ्या सभागृहात सगळ्या नोकरमाणसांना बोलावलं होतं, दुकानं बंद होणार हे याने सांगायचं होतं. उभा राहिला, तोंड उघडलं आणि आवाजच फुटला नाही. बराच वेळ तसाच उभा होता म्हणे. मग खाली बसला. तेव्हापासून एक शब्द नाही. डॉक्टर म्हणतात, घसा ठणठणीत आहे, हृदय जपा. घर बँकेने घेतलं, बायको आधीच गेलेली, मुलगा परदेशात. राहिली कोण तर थोरली बहीण. एक बॅग घेऊन माझ्या दारात आला. कोटाच्या खिशात टीव्हीचा रिमोट निघाला. टीव्ही गेला बँकेच्या गाडीतून, रिमोट खिशात.

तो रिमोट अजून उशाशी ठेवतो. मी काही विचारत नाही.

५ फेब्रुवारी, गुरुवार

पुस्तकवालीने पहिलं प्रकरण वाचून दाखवलं. “एका द्रष्ट्या तरुणाने देशाच्या घराघरात सूर पोहोचवण्याचं स्वप्न पाहिलं...”

कसलं डोंबलाचं स्वप्न! बाबा गेले तेव्हा दुकानात चार टॉर्च, दोन स्टो आणि उधारी. जिन्याखालची जागा. उभं राहिलं की डोकं आपटायचं. मी एका मेकॅनिककडे सोल्डरिंग शिकले, कारण तो फी घेत नव्हता आणि मला शाळेत गम्य नव्हतं. बाळ्या बोलायचा, मी जोडायचे. बोलणाऱ्याची बोरं विकली जातात म्हणतात, याने तर बिघडलेले रेडिओ विकले असते. मीच विकू द्यायचे नाही.

हे सगळं मी मोठ्याने सांगितलं. त्याच्या खोलीचं दार मुद्दाम उघडं ठेवून.

आत पुतळा.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

औषधं घेतली. दाढी नाही केली.

९ फेब्रुवारी, सोमवार

मला एक युक्ती सुचली आहे. बाळ्याला सगळं सहन होतं, पण चुकीची माहिती सहन होत नाही. लहानपणी बाबा गोष्ट सांगताना राजाच्या घोड्याचा रंग बदलला तरी हा झोपेतून उठून बसायचा. तेव्हा आता कंपनीचा इतिहास चुकीचा सांगायचा. बघू किती दिवस गप्प बसतो.

पुस्तकवालीला आधी कानात सांगून ठेवलं. ती हसली. म्हणाली, “आजी, मग मी खरं कधी लिहू?” मी म्हटलं, “तो बोलेल तेव्हा.”

आज नियमाची गोष्ट लावली. आमच्या दुकानांत एक नियम होता. विक्रेत्याने यंत्र कधी सुरू करायचं नाही. रेडिओ असो, टीव्ही असो, गिऱ्हाईकाचा हात धरून खटक्यावर ठेवायचा, पहिला हात त्याचा. आणि आवाज आला की आपण मागे सरायचं, तोंड फिरवायचं. गिऱ्हाईक हाक मारेल तोवर पुढे जायचं नाही. कोणी पाच मिनिटं ऐकेल, कोणी रडेल. त्याचं त्याला ऐकू द्यायचं.

हा नियम बाळ्याने केला. एक म्हातारा रेडिओ घेऊन गेला आणि दुसऱ्या दिवशी परत आला, म्हणाला, “तुम्ही येऊन लावून द्या. मला हात लावायची भीती वाटते.” बाळ्याने त्याच्या घरी जाऊन त्याचा हात खटक्यावर ठेवला आणि स्वतः जिन्यात जाऊन बसला. संध्याकाळी परत आला तो नियम घेऊनच.

मी काय सांगितलं? “हा नियम मी केला. बाळ्याला तर आधी पटलाच नव्हता.”

आतून खुर्ची सरकली! तो दारापर्यंत आला. माझ्याकडे असं बघितलं, की मला वाटलं, आता निघतो शब्द. ओठ हललेसुद्धा. मग वळला आणि पलंगावर जाऊन बसला.

पुस्तकवाली गेल्यावर मी न्हाणीघरात जाऊन रडले. नळ सोडून.

१० फेब्रुवारी, मंगळवार

त्याच्या मुलाचा फोन. “आत्या, बाबांना दे.” दिला कानाला. तिकडून तो बोलत राहिला, इकडून हा ऐकत राहिला. शेवटी मुलगा म्हणाला, “बाबा, ऐकताय ना?” बाळ्याने मान हलवली. फोनला मान कशी दिसणार!

मी फोन ओढून घेतला आणि म्हटलं, हो म्हणतायत.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

आज पुस्तकवालीला भरभराट हवी होती. तिच्याकडे नकाशा आहे, त्यावर ठिपके. दरवर्षी ठिपके वाढत जातात, जणू अंगावर गोवर उठलाय.

दुसरं दुकान निघालं तेव्हा आम्ही दोघांनी मिळून पाटी रंगवली. दहावं निघालं तेव्हा पाटी छापून आली. पुढे पुढे नवं दुकान निघाल्याचं मला पेपरातून कळायचं. देशाच्या पार दुसऱ्या टोकाला आमचं दुकान! टीव्हीचा जमाना आला तेव्हा सामन्याच्या दिवशी आमच्या काचेबाहेर इतकी माणसं उभी राहायची, की बस वळवायला जागा उरत नसे. बाळ्या आतून काचेला कान लावून ऐकायचा, माणसं काय बोलतात ते.

मग शेअर निघाले. सल्लागार आले. काचेची कचेरी झाली, लिफ्टमध्ये आरसे. सल्लागार म्हणाले, गिऱ्हाईकाचा हात धरण्यात वेळ जातो. टीव्हीची भिंत करा, सगळे एकदम चालू ठेवा, रिमोट विक्रेत्याच्या हातात द्या. बाळ्याने सही केली. मी त्या दिवशी वर्कशॉपची किल्ली त्याच्या टेबलावर ठेवली आणि घरी आले. तो म्हणाला, “ताई, जग बदललंय.” मी म्हटलं, “जग बदलू दे, तू कशाला बदलतोस?”

त्यानंतर लोक दुकानात बघायला यायचे आणि घ्यायचे फोनवरून. दमडीचा फायदा नाही आणि काच पुसायची आपण. आम्ही मोफत प्रदर्शन चालवत होतो. बँकांनी धीर धरला, मग सोडला.

यात चुकीचं काय सांगू? आज युक्ती चालली नाही. सगळं खरंच सांगून टाकलं. दार उघडं आहे, हे विसरूनच गेले.

१४ फेब्रुवारी, शनिवार

जेवला नाही. माझ्यामुळे. जीभ आहे की करवत, आई म्हणायची ते खोटं नाही.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

मिशीवाल्याचा फोन. आमच्या पहिल्या दुकानाचा मॅनेजर. त्याची मिशी दुकानाच्या पाटीपेक्षा प्रसिद्ध. सगळी दुकानं मिटली, ते एक उरलंय, महिनाअखेर तेही. म्हणाला, “ताई, काचेच्या कपाटातला तो जुना रेडिओ कुणाचा? कागदावर कुठेच नाही. लिलाववाले विचारतायत.”

तो आम्ही बनवलेला पहिला रेडिओ. सुटे भाग गोळा करून, पेटी सुताराकडून घेऊन. बाळ्या कोणाला विकू द्यायचा नाही. गिऱ्हाईकाने किंमत विचारली की इतकी सांगायचा, की तो माणूस हसून टॉर्च घेऊन जायचा.

मी म्हटलं, “आमचा आहे. येते घ्यायला.”

२१ फेब्रुवारी, शनिवार

गेले. जायला नको होतं, पण गेले.

टीव्हीची भिंत उतरवली आहे. नुसते फिकट चौकोन आणि स्क्रूची भोकं. जिथे गाणी वाजायची तिथे आता ट्यूबलाइटचा आवाज ऐकू येतो. एक बाई इस्त्री घासाघीस करून घेत होती. तिला काय कळणार, आणि का कळावं. बिल करणाऱ्या मुलीने तिला हसून पिशवी दिली. पुढच्या आठवड्यात तिची नोकरी जाणार आणि ती पिशवीचा बंद नीट बांधून देत होती.

मिशीवाल्याने रेडिओ स्वतः उचलून टॅक्सीत ठेवला. मी म्हटलं, “बाळ्यासाठी काही निरोप?”

तो रस्त्याकडे बघत म्हणाला, “राग आहे ताई. खोटं कशाला सांगू. माझ्या मुलीचं शिक्षण अर्ध्यावर आहे.” मग म्हणाला, “पण शेवटच्या दिवशी येऊन जा म्हणावं. साहेब काही बोलले नाहीत तरी चालेल. नुसते दारात उभे राहिले तरी पुरे.”

टॅक्सीत रेडिओ मांडीवर घेऊन बसले. जड आहे. लहान मूल झोपलं की जड होतं तसा.

२२ फेब्रुवारी, रविवार

स्वयंपाकाच्या ओट्यावर रेडिओ उघडला. आत कोळ्याचं अख्खं बिऱ्हाड. दोन कपॅसिटर गेले होते, एक तार उंदराने खाल्ली होती. हात थरथरतात माझे आता, सोल्डरिंगचं टोक एका जागी टेकत नाही. तरी जमलं. माझंच जुनं काम पाहिलं आत. बरं होतं की!

तपासायला तर हवा. मग स्पीकरची तार सोडवून ठेवली आणि लावला. आतल्या काचेच्या नळ्या, व्हॉल्व्ह, हळूहळू लाल झाले. लगेच बंद केला, तार परत जोडली. आवाज मी ऐकला नाही. पहिला हात त्याचा.

संध्याकाळी त्याच्या खोलीत नेऊन टेबलावर ठेवला, प्लग लावला. निरोप सांगितला, रागासकट. त्याची नजर रेडिओवर. मी म्हटलं, “तुझा आहे. वाटेल तेव्हा लाव.” आणि नियमाप्रमाणे मागे सरले, दार लोटून घेतलं.

बाहेर उभी राहिले. काही नाही.

पहिल्यांदा हा रेडिओ जोडून झाला तेव्हाची गोष्ट आठवली. बाळ्याने खटका फिरवला आणि आवाज येईना. झालं, याने भोकाड पसरलं. मिसरूड फुटलेला मुलगा, पण धाय मोकलून रडला. मी हसत होते. म्हटलं, “अरे वेड्या, गरम व्हायला वेळ लागतो त्याला.” तो डोळे पुसतोय तोच बाजारभाव सुरू झाले. कांद्याचे भाव ऐकून इतका आनंद कोणाला झाला नसेल.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

हात लावला नाही. पण धूळ पुसली आहे! मी पुसलेली नाही. त्याचा रुमाल काळा झालाय. रुमाल धुताना मी गाणं म्हणत होते, शेजारीण विचारायला आली, काय झालं म्हणून.

२५ फेब्रुवारी, बुधवार

पुस्तकवाली त्याला नमस्कार करायला खोलीत गेली. रेडिओ बघून हरखली. “आजी, लावून बघू?”

“खबरदार,” मी म्हटलं. इतक्या जोरात, की बिचारी दचकली. मग तिला समजावलं. त्याने स्वतः लावला तर तो परत येईल. आपण लावला तर नुसता रेडिओ वाजेल.

ती म्हणाली, “आणि नाहीच लावला तर?”

आजकालच्या मुलांना प्रश्न फार नेमके पडतात.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

दुकानाचा शेवटचा दिवस.

सकाळी उठून बघते तर बाळ्या कोट घालून पलंगावर बसलेला. दाढी केलेली, गालावर कापलंय. केस विंचरलेले. टॅक्सी बोलावली. त्याच्या पायात बूट मी घातले, नाड्या मी बांधल्या. दारापर्यंत आला. उंबऱ्याशी थांबला. एक हात चौकटीवर.

टॅक्सीवाल्याने दोनदा हॉर्न वाजवला.

त्याला जमलं नाही. चौकटीला धरून तसाच उभा राहिला आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण तोंडातून हुंदकाही नाही. रडण्यालासुद्धा आवाज नाही. मी टॅक्सी परत पाठवली. बूट काढले. तो कोट घालूनच झोपला.

संध्याकाळी मिशीवाल्याचा फोन. “लागलं शटर, ताई.” मी म्हटलं, तो निघाला होता रे. कोट घातला होता. मिशीवाला म्हणाला, “कोट घातला होता ना? मग आले असंच धरतो.”

तो रडत होता की नाही, सांगता येत नाही. इतक्या मोठ्या मिशीच्या माणसाचं कळत नाही.

२८ फेब्रुवारी, शनिवार

निरोप त्याला सांगितला. कोट घातला होता, मग आले असंच धरतो, असं म्हणाला तुझा मॅनेजर.

बाळ्याने माझा हात घेतला आणि हातात धरून ठेवला. बोटं गार. किती वर्षांनी! मग उशाचा रिमोट उचलून माझ्या हातात दिला आणि माझी मूठ मिटवली. नको झाला असेल. बरं झालं, टाकून देते म्हटलं. त्याने मान हलवली.

रात्री दोन वेळा भात मागितला. म्हणजे ताट पुढे केलं.

१ मार्च, रविवार, सकाळ

लागला. रेडिओ लागला!

मी ओट्याशी चहा टाकत होते. आधी खरखर, मला वाटलं गॅसचा आवाज. मग बाईचा आवाज, हवामान सांगणारी. आज आकाश निरभ्र राहील. हो गं बाई, राहू दे. आमच्याकडे तर निरभ्रच आहे.

पाय लगेच तिकडे वळले होते. दाराच्या कडीवर हातसुद्धा ठेवला. मग नियम आठवला. गिऱ्हाईक हाक मारेल तोवर पुढे जायचं नाही. इतके दिवस धीर धरला आणि आता ऐन वेळी घुसायचं? ऐकू दे. रडायचं असेल तर रडू दे, एकट्याला. ज्याने नियम केला त्याच्या बाबतीतच पहिल्यांदा नीट पाळला जातोय म्हणायचा.

म्हणून इकडे येऊन बसले आणि हे लिहिते आहे. दोन कप काढलेत. त्याच्या कपात आलं जास्त घातलंय. आता बातम्या चालू आहेत. कुठलासा पूल झाला, कुठला तरी मंत्री. याला बातम्या आवडत नाहीत, बदलत कसा नाही? सवय गेली असेल. नाहीतर स्टेशनचा काटा अडकला असेल. मी तेल घालायचं विसरले काट्याला. नंतर बघते.

पुस्तकवालीला फोन करायचाय. ये म्हणावं, आता खरं लिही. मिशीवाल्यालाही सांगायचंय. बाळ्या बोलायला लागला की त्यालाच फोन करायला लावते, स्वतःच्या तोंडाने माफी मागू दे. मुलाला पण. सगळ्यांना एकदम.

आधी मला हाक मारू दे. ताई म्हणू दे एकदा. मग बाकीचे.

गाणं लागलं. जुनं आहे. त्याला आवडतं हे. आवाज मोठा करेल बघ आता.

चहा पुन्हा गरम करावा लागणार.

२ मार्च, सोमवार

हात खटक्यावरच होता. डॉक्टर म्हणाले, लावल्यालावल्याच गेले असतील. त्या रेडिओला गरम व्हायला वेळ लागतो. म्हणजे त्याने ऐकलं की नाही, तेही आता कळणार नाही.

मी म्हटलं, नक्की लगेच ना? डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं नाही. म्हणाले, तसंच धरून चाला.

मी स्वयंपाकघरात त्याच्या हाकेची वाट बघत बसले होते. हाक मारायला त्याला आवाज कुठे होता.